कापडी पतंगाची शिवण दरवेळी चुणते नाहीतर फाटते? टेन्शनचा स्क्रू फिरवायच्या आधी हे बघा

डिसेंबर लागला की ओळखीतले दोन-तीन जण तरी मला फोटो पाठवतात आणि फोटोत दरवर्षी तेच असतं. छत्रीच्या कापडाचा मोठा पतंग, रंग एकदम झकास, आणि मधल्या शिवणीवर अशा चुण्या की वाटावं कोणीतरी परकराची नाडी ओढून गाठ मारलीय. खाली ठरलेला प्रश्न: "टेन्शन किती ठेवू?" टेन्शन म्हणजे मशीन दोऱ्याला किती ताणून धरते ते. मी स्वतः पहिली दोन वर्षं हाच प्रश्न विचारत फिरलो, मशीनचा तो स्क्रू डावीकडे-उजवीकडे इतका पिळला की आईने शेवटी मशीनला हात लावायचा नाही असा दम भरला. आता सांगतो, टेन्शन हे बहुतेक वेळा कारण नसतंच आणि आपण हात मात्र पहिला तिथेच घालतो.

आपल्याकडे पतंग म्हणजे कागद, खळ आणि बांबूच्या काड्या, त्यात शिवणीचा प्रश्नच येत नाही. मी नाशिकचा, येवल्याची संक्रांत बघत मोठा झालो, आसारीवर (मांजा गुंडाळतात ती) पतंग उडवला, कापडाचा पतंग असतो हेच माहीत नव्हतं. अहमदाबादला साबरमतीच्या काठावर १९८९ पासून तो आंतरराष्ट्रीय पतंग महोत्सव भरतो ना, तिथे बाहेरच्या लोकांचे खोलीएवढे कापडी पतंग बघितले आणि डोक्यात किडा शिरला. घरी आईची काळी पायमशीन, फक्त सरळ टीप मारणारी, झिगझॅग वगैरे काही नाही. त्यावरच शिकलो आणि अजून त्यावरच शिवतो, त्यामुळे खाली जे लिहितोय ते मुख्यतः असल्या मशीनसाठी आहे, झिगझॅगवाल्यांसाठी मध्ये मध्ये सांगीन.

कापडाचं पटकन उरकतो. पतंगाचं खरं कापड म्हणजे रिपस्टॉप नायलॉन किंवा पॉलिस्टर, चौरस मीटरला साधारण ३० ते ४० ग्रॅम, त्यात जाड धाग्याची बारीक चौकडी दिसते, फाटलं तर त्या चौकडीवर अडतं. ते नाही मिळालं तर छत्रीचं कापड, किंवा दुकानदार ज्याला पॅराशूट म्हणतात ते. जड आहे पण शिकायला चांगलं, मी पहिले तीन पतंग त्याचेच शिवले. सुती कापड घेऊ नका असं म्हणणार होतो पण थांबतो, कारण १९४८ मध्ये फ्रान्सिस रोगॅलोने अमेरिकेत त्याचा तो बिनकाड्यांचा पंख उडवला तो स्वयंपाकघरातल्या पडद्याच्या चिटाचा होता आणि शिवला होता त्याच्या बायकोने, गर्ट्रूडने. आजचे त्रिकोणी डेल्टा पतंग, हँगग्लायडर सगळे त्याच घराण्यातले. तेव्हा कापडावरून रडू नये, पण निसरडं कापड असेल तर ते निसरड्यासारखंच हाताळावं लागतं, ब्लाउजपीससारखं नाही.

आता चुण्या. चुण्या तीन प्रकारच्या असतात आणि तिघींचं औषध वेगळं, म्हणून आधी एक कात्रीचं काम करा. चुणलेल्या शिवणीचा वीतभर तुकडा घ्या, चिंध्यांवर त्याच सेटिंगने मारलेला असला तरी चालेल, आणि दर दोन-तीन टाक्यांनी दोरा टोकदार कात्रीने कापत जा. कापल्या कापल्या कापड सपाट झालं तर दोरा ताणात होता, म्हणजे टेन्शन किंवा बॉबीन (खालच्या दोऱ्याची रीळ). दोरा कापूनही लाट तशीच आणि एक थर दुसऱ्यापेक्षा लांब दिसतोय तर थर सरकलेत, तिथे तुम्ही स्क्रू आठवडाभर फिरवलात तरी काही होणार नाही. आणि तिसरा प्रकार म्हणजे थर सारखे आहेत, टाके पण ढिले आहेत, तरी टीपेच्या रेषेवर बारीक सुरकुती आहे आणि दोरा पूर्ण उपसून काढल्यावरच ती जाते. या कापडाची वीण एवढी दाट असते की जाड दोरा मध्ये घुसला की बाजूच्या धाग्यांना सरकायला जागाच नसते, मग कापड वर उचललं जातं. उभ्या धाग्याच्या दिशेने सरळ टीप मारली की हे सगळ्यात जास्त दिसतं, तिरक्या शिवणीवर कमी.

माझ्याकडे आलेल्या फोटोंपैकी बहुतेक दुसऱ्या प्रकारचे निघतात. म्हणजे थर सरकलेले.

हे का होतं ते एकदा मशीनसमोर बसून बघा. खालचे दाते खालच्या थराला पुढे ढकलतात, वरचा फूट वरच्या थराला दाबून मागे धरतो, आणि दोन थरांमध्ये काही घर्षणच नाही, दोन्ही गुळगुळीत. टाक्यागणिक अगदी केसभर फरक पडतो पण मीटरभर शिवणीत तो सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर होतो. शेवटी वरचं कापड जास्त उरलं की आपण काय करतो, ते ओढून बरोबर आणतो, आणि झाल्या चुण्या. आई शेजारी बसून भाजी निवडत होती तेव्हा तिने एकदाच बघितलं आणि म्हणाली, "अरे, तू कापडाला ओढतोयस कशाला, त्याचं त्याला जाऊ दे की, आणि आधी कच्चा टाका घालून घे." कच्चा टाका या कापडाला घालता येत नाही हे तिला पटायला वेळ लागला, कारण याला पडलेलं भोक बुजत नाही. टाचण्यांचंही तेच, भोक राहतं आणि टाचणीजवळ कापड फुगतं पण.

म्हणून चिकटवायचं. शाळेतली पोरं वापरतात ती ग्लूस्टिक सगळ्यात स्वस्त, पातळ फिरवायची, दाबायचं, पाच मिनिटं थांबायचं, पुढे पाण्याने निघून जाते. लांब शिवणीला दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप जास्त बरी, स्टेशनरीच्या दुकानात ६ मिमीची मिळते, पण ती मायेत (टीपेच्या बाहेर काठापर्यंत सोडलेल्या कापडात) अशा जागी लावा की सुई तिच्या शेजारून जाईल, आरपार नाही. टेपमधून सुई गेली की तिला चीक लागतो आणि दहा मिनिटांत टाके गाळायला लागते, मग स्पिरिटच्या बोळ्याने सुई पुसत बसा.

चिकटवायच्या आधी दोन्ही तुकड्यांवर दर १० सेंटीमीटरला खुणा करा आणि चिकटवताना खुणेला खूण जुळवा. हे कंटाळवाणं आहे, मला माहीत आहे, मी स्वतः घाईत दोनदा टाळलंय आणि दोन्हीदा उसवलंय. खुणा पेन्सिलने मायेच्या आत करा, बॉलपेनची शाई पातळ कापडातून उजेडात दिसते, एका पिवळ्या पतंगावर माझी निळी आकडेमोड अजून वाचता येते.

अजून दोन गोष्टी सरकण्याच्याच. एक, फूटचा दाब. मशीनच्या डोक्यावर, ज्या दांड्याला फूट लागतो त्याच्या वर एक मोठा स्क्रू असतो, तो दाबाचा. बऱ्याच लोकांना तो आयुष्यात फिरवायचा असतो हेच माहीत नसतं, आमच्याकडे तर तो गंजून बसला होता. पातळ कापडाला दाब थोडा कमी करा, पण इतका नाही की दाते कापड पकडणारच नाहीत. दोन, वजन. सहा फुटी पतंगाचं कापड टेबलाच्या कडेवरून खाली लोंबत असेल तर ते स्वतःच स्वतःला ओढत असतं, आणि तुम्हाला वाटतं मशीन नीट चालत नाही. डावीकडे एक खुर्ची किंवा स्टूल लावा, मशीनच्या आतल्या बाजूला जाणारा भाग सतरंजीसारखा गुंडाळून चिमटे लावून ठेवा.

पहिल्या प्रकारच्या चुण्यांबद्दल, म्हणजे दोरा ताणात असलेल्या, एक किस्सा सांगतो कारण याचं उत्तर मला कोणीच दिलं नव्हतं. रात्री अकराला मधली शिवण मारली, हातात धरून बघितली, एकदम आरशासारखी, समाधानाने झोपलो. सकाळी बघतो तर चुण्या. कोणी हात लावलेला नाही, पाऊस नाही, काही नाही. मी आईला विचारलं, घरातल्या सगळ्यांना विचारलं, शेवटी गल्लीतल्या टेलर मास्तरांकडे घेऊन गेलो. त्यांनी शिवणीकडे बघितलंच नाही, म्हणाले, "बॉबीन दाखव." मग बॉबीन बोटाने दाबली, दगडासारखी कडक होती. पॉलिस्टरचा दोरा ताणतो. मी पायाने मशीन जोरात पळवून, बोटाने दोरा धरून बॉबीन भरली होती, म्हणजे दोरा ताणलेल्या अवस्थेत गुंडाळला गेला, तसाच शिवला गेला आणि मग रात्रभर आरामात आपल्या मूळ लांबीवर परत आला, येताना कापडाला बरोबर घेऊन. मास्तरांनी वीतभर दोरा सोडून ढिला ठेवला तर तो डोळ्यांसमोर आखडला. तेव्हापासून बॉबीन हळू भरतो, हाताने चाक फिरवून भरली तरी चालते, आणि मोठ्या पतंगाच्या वेळी चार बॉबीन आदल्या दिवशी भरून ठेवतो.

आता टेन्शन, एकदाचं. बॉबीन केस दोऱ्याला धरून हवेत लटकवा. आपणहून सरसर खाली गेली तर ढिली, हलकासा झटका दिल्यावर इंच-दोन इंच उतरून थांबली तर बरोबर, झटका देऊनही हलली नाही तर घट्ट. तिचा बारका स्क्रू एका वेळी घड्याळाच्या पाच मिनिटांएवढाच फिरवायचा, आणि खाली ताट ठेवून फिरवा, तो पडला की फरशीवर सापडत नाही. मग वरचं टेन्शन त्याच्याशी जुळवा. खालचा दोरा वर ठिपक्यांसारखा दिसत असेल तर वरचं घट्ट आहे, वरच्या दोऱ्याचे फासे खाली दिसत असतील तर वरचं ढिलं. दोन्ही बाजूंना एकसारखा टाका दिसला आणि तरी कापड ओढलं जातंय तर दोन्ही टेन्शन थोडी थोडी कमी करा. बस, एवढंच आहे ते.

तिसऱ्या प्रकाराला औषध म्हणजे बारीक सुई, बारीक दोरा, मोठा टाका. दुकानात सुई मागितली की १६ नंबर हातात देतात, फार तर १४. तुम्ही ११ मागा, नसेल तर दुसऱ्या दुकानात जा. रिपस्टॉपला ११, कोपऱ्यात चार-पाच थर आले तर १४, बस. दोरा पॉलिस्टरचा, टेलर लोक शर्टाला वापरतात तोच साधा, जाड नको. कॉटनचा नको, भिजला की कुजतो. भरतकामाचा चमकता रेशमी दोरा तर अजिबात नको, दिसतो छान आणि हाताने तुटतो. आणि एकाने मला गंभीरपणे विचारलं होतं की फिरकीत उरलेला नायलॉन मांजा बॉबीनला भरू का, त्याला मी हात जोडले. नायलॉन मांजावर हरित लवादाने २०१७ मध्येच देशभर बंदी घातलीय, तो घरात ठेवूच नका, मशीनमध्ये घालायचं सोडाच.

टाका मोठा म्हणजे ३ ते ४ मिमी. हे ऐकून शिवणकाम येणारे लोक नाक मुरडतात, आईने पण मुरडलं, कारण ब्लाउजला बारीक टाका म्हणजे मजबूत शिवण हे त्यांच्या हाडात बसलेलं असतं. सुती कापडात ते खरं पण आहे. पण इथे प्रत्येक टाका म्हणजे एक कायमचं भोक, आणि भोकं जवळ जवळ आली की तुम्ही शिवण नाही, पावतीपुस्तकाची फाडायची रेघ तयार केलीय. वाऱ्याचा एक झटका आणि पावती फाटली.

फाटण्याचंही असंच निदान करता येतं. दोन चिंध्या घ्या, पाच सेंटीमीटर रुंद, ज्या सेटिंगने पतंग शिवणार त्याच सेटिंगने जोडा आणि दोन्ही हातांनी जोर लावून ओढा, अगदी फाटेपर्यंत. मग बघा काय मेलं. दोरा तुटला आणि कापड शाबूत तर दोरा कमजोर आहे किंवा टेन्शन फार घट्ट. कापड भोकांच्या रेषेत सरळ फाटलं तर टाके फार जवळ किंवा सुई जाड किंवा बोथट. दोरा पण शाबूत, कापड पण फाटलं नाही, नुसते काठाचे धागे दोऱ्याखालून निसटून बाहेर आले तर माया कमी ठेवलीय किंवा काठ भाजलेला नाही. मला स्वतःला या परीक्षेत जेवढं कळलं तेवढं कुठल्या व्हिडिओत कळलं नाही, आणि खर्च काय, दोन चिंध्या.

काठ भाजणं म्हणजे सोल्डरिंग आयर्नने कापणं. २५ वॅटचं साधं आयर्न, खाली काच, स्टीलची पट्टी, खिडकी उघडी, कारण वास आणि धूर दोन्ही वाईट. नायलॉन आणि पॉलिस्टर दोन्ही वितळतात त्यामुळे कापता कापता काठ बंद होतो, धागे सुटत नाहीत. हात एका वेगात न्या. थांबलात तिथे काठाला मणी तयार होतो, कडक आणि ठिसूळ, आणि त्या मण्याजवळून टीप गेली तर तिथूनच तडकतं. इस्त्री करायची हौस असेल तर सगळ्यात कमी गरम, आणि खरं सांगायचं तर लागतच नाही, नखाने घडी मारली तरी रिपस्टॉप घडी धरून ठेवतो.

कुठली शिवण कुठे? मी दोनच वापरतो. रंगीत तुकडे जोडायला काठावर काठ, भाजलेल्या कडा एकमेकींवर ८ ते १० मिमी चढवायच्या आणि ५ मिमी अंतराने दोन समांतर टिपा. झिगझॅगवाल्यांनी एकच रुंद टीप मारली तरी भागतं, शिवाय ती थोडी ताणते हा फायदा. दुसरी, जिथे जोर येतो तिथे, म्हणजे मधल्या कण्याला वगैरे, जीन्सच्या पायाला आतून असते तशी दुमडलेली चपटी शिवण. एका तुकड्याला ६ मिमी माया, दुसऱ्याला १२, सुलट बाजू एकमेकींना लावून पहिली टीप, मग मोठी माया छोटीवर दुमडून सगळं एका बाजूला पाडून दुसरी टीप. कच्चा काठ आत गाडला जातो आणि ताण दोन टिपांत वाटला जातो. नुसती साधी शिवण, माया आत आणि एक टीप, ती पतंगाला नको, वारा ती दोन्ही बाजूंनी उघडायला बघतो आणि सगळा भार एका दोऱ्यावर.

काडीचा नेफा शिवताना सगळे एक चूक करतात, काडीच्या जाडीएवढाच नेफा. ६ मिमीच्या काडीला भोवतालून साधारण १९ मिमी कापड लागतं, म्हणजे सपाट असताना नेफा साडेनऊ मिमी, आणि त्यात ती शिवणीच्या उंचवट्यावरून सरकायला पण पाहिजे, म्हणून १३ मिमी ठेवा. घट्ट नेफ्यात काडी घुसवताना आतून टाके तुटतात आणि ते वरून दिसतही नाहीत, वर आकाशात दिसतात.

आता ज्याचं कारण लोक मशीनमध्ये शोधतात आणि ते असतं धाग्यात. मागची कड फडफडते, तिची टीप ठिकठिकाणी तटतट तुटलेली सापडते. म्हणजे ती कड उरेब, म्हणजे धाग्याला तिरकी, आलीय. उरेब कापड ताणतं, सरळ टीपेचा दोरा तेवढा ताणत नाही, मग दोरा तुटणारच. डेल्टाला कापड बेततानाच उभा धागा मागच्या कडेला समांतर ठेवा. पुढची कड मग तिरकी येते पण तिथे काडी असते, ती सांभाळून घेते. आणि दोन पंख बेतताना कापड दुहेरी करून एकदम कापू नका, खालचा थर सरकतो. एक कापा, तो उलटवून दुसऱ्यासाठी ठेवा, आणि धाग्याची दिशा परत तपासा.

पतंग घरात सरळ आणि वर गेल्यावर सारखा एका बाजूला झुकतो, कन्नी कितीही हलवली तरी? दोन पंख एकावर एक ठेवून मोजा. मी डावा पंख नाकाकडून शेपटीकडे शिवायचो आणि उजवा शेपटीकडून नाकाकडे, कारण मशीनखाली तसंच सोयीचं पडायचं. त्यामुळे जे काही सरकणं व्हायचं ते एकीकडे वर आणि एकीकडे खाली जमा व्हायचं. दोन्ही पंख नाकाकडूनच शिवा. गैरसोय होते, एका पंखाला कापडाचा मोठा गोळा मशीनच्या आतल्या बाजूला जातो, पण मग चूक झाली तरी दोन्हीकडे सारखी होते आणि पतंग सारख्या चुका माफ करतो.

मशीन टाके गाळतंय तर आधी सुई बदला, खरंच, आधी सुई. जुनी सुई बोथट झालीय का बघायचं तर आईच्या जुन्या नायलॉन साडीच्या तुकड्यावरून टोक ओढा, अडकलं तर फेका. नवी सुई लावताना पूर्ण वर टेकेपर्यंत घाला, आणि सुईला एका बाजूला जी लांब खाच असते त्या बाजूनेच दोरा ओवा. तरी गाळतेय तर कापड सुईबरोबर वर उचललं जातंय आणि खाली दोऱ्याचा फासा तयार व्हायला वेळच मिळत नाही. दोन्ही हातांनी कापड फूटच्या पुढे-मागे अलगद ताणून धरा, ओढू नका, ओढलं की सुई वाकते आणि प्लेटवर आपटून तुटते. फारच पातळ कापड असेल तर खाली कागदाची पट्टी घालून शिवा आणि नंतर फाडून काढा. मी त्यासाठी संक्रांतीनंतर फाटलेल्या पतंगांचा कागद जपून ठेवतो, त्याच्याइतका पातळ आणि सहज फाटणारा कागद दुसरा नाही.

सुरुवातीलाच खाली दोऱ्याचा गुंता होतो आणि मशीन कापडाचं टोक गिळतं, याला सगळे बॉबीनला शिव्या घालतात. दोष वरच्या दोऱ्याचा असतो. फूट खाली असताना दोरा ओवला की तो टेन्शनच्या चकत्यांमध्ये बसतच नाही, कारण त्या तेव्हा दाबलेल्या असतात. फूट वर करून परत ओवा. शिवायला लागताना दोन्ही दोरे मागे बोटात धरा, पहिले चार टाके एखाद्या चिंधीवर मारा आणि तिथून न थांबता पतंगावर जा. या बाबतीत काळी मशीन नव्या मशीनपेक्षा सरस आहे हे मी कोणाशीही भांडून सांगायला तयार आहे, कारण तिच्या प्लेटला सुईपुरतं गोल भोक असतं. झिगझॅगच्या प्लेटला आडवी फट असते, कापड त्यातच शिरतं. तुमच्याकडे सरळ टीपेची वेगळी प्लेट असेल तर ती लावा, पण मग चुकूनही झिगझॅगवर जाऊ नका, सुई गेलीच म्हणून समजा.

कोपऱ्यांवर उलटसुलट टीप मारून पक्कं करायची सवय सोडा. तिथे आधीच ताण आणि तुम्ही त्याच जागी बारा भोकं पाडताय. दोऱ्याची टोकं लांब सोडा, हाताने गाठ मारा, सुईने आत ओढून घ्या. नाकाला आणि काडीच्या टोकांना जाड कापडाचं ठिगळ लावा, पण त्याचे कोपरे गोल कापा. चौकोनी ठिगळाच्या टोकापासून फाटायला सुरुवात झालेली मी गंगापूर धरणाच्या बाजूला भर वाऱ्यात बघितलीय, ठिगळ जसंच्या तसं हातात आणि पतंग दुसरीकडे.

जी शिवण उसवलीत ती परत त्याच रेषेवर मारू नका, जुनी भोकं आणि नवी भोकं मिळून तीच पावतीपुस्तकाची रेघ होते. ३-४ मिमी आत नवीन टीप मारा. मैदानावरच फाटलं तर दोन्ही बाजूंनी साधी चिकटपट्टी लावून दिवस काढता येतो, तिचेही कोपरे गोल कापून, आणि घरी आल्यावर ती त्याच दिवशी काढा, उन्हात राहिली की चीक कापडावर कायमचा बसतो. फक्त एक लक्षात असू द्या, डावी शिवण ४ मिमी आत घेतली की उजवीपण तेवढीच आत घ्यावी लागते, ती अगदी धडधाकट असली तरी, नाहीतर परत झुकणार. मागच्या रविवारी मी तेच करत बसलो होतो, चांगली शिवण उसवत, तर आई मागून म्हणाली, "फाटलेली ती बाजू ना?" आता तिला पहिल्यापासून कोण समजावणार.